काजळीच्या गळ्यातला बिल्ला

एकदा एका शिष्याला आपल्या कुत्रीचा फार अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो रास्तच होता. कुत्रीच्या डोळ्यांभोवती जन्मापासून काळ्या कडा, म्हणून तिचे नाव काजळी. ऐन तारुण्यात एका हिवाळ्यात तिने मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी एकटीने बिबट्या अडवून धरला होता. माणसे काठ्या घेऊन धावत येईपर्यंत ती तसूभरही मागे सरली नाही. त्या झटापटीत तिचा डावा कान उभा फाटला. तेव्हापासून शिष्य तिला घेऊन गावात कुठेही निघाला की कुणीतरी बोट दाखवून म्हणे, "ही बघा, ती काजळी." मग हा मनुष्य असे काही खांदे ताठ करी, की बिबट्या जणू यानेच अडवला होता.

गावाचे नाव मी सांगणार नाही. तिथली मंडळी मानी आहेत, आणि त्यांच्या कुत्र्यांबद्दल बाहेरच्याने परस्पर बोललेले त्यांना खपत नाही. घाटाच्या तोंडाशी वसलेले गाव, मागे जंगल, घरटी मेंढरे आणि म्हणून घरटी कुत्रे. या गावाची एक जुनी रीत होती. संध्याकाळी चूल पेटली की घरातले एक माणूस ओट्यावर बसे, कुत्र्याला जवळ घेई आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवी. कानामागे, मानेखाली, पंजाच्या बोटांमध्ये. रुतलेला काटा सापडे, चिकटलेली गोचीड सापडे, कुठे गाठ धरली असेल तर तीही बोटांना कळे. काटा काढायचा, गोचीड उपटून निखाऱ्यात टाकायची, जखमेवर हळद आणि करंजाचे तेल लावायचे. मग कुत्र्याची भाकरी, आणि त्यानंतर माणसांची ताटे. रस्त्याने जाणारा विचारी, "हात झाला का?" ओट्यावरून उत्तर येई, "झाला." त्या गावात रामराम याच शब्दांत होई.

हा शिष्य घाटातल्या मठात एका वृद्ध गुरूंकडे शास्त्र शिकत असे आणि पोटासाठी पोथ्यांच्या नकला करून देत असे. अक्षर मोत्यासारखे, कमाई मात्र बेताची. घरी बायको आणि काजळी, एवढाच संसार.

मग एका वर्षी कुत्र्यांमध्ये साथ आली. पेठेच्या गावी पशुवैद्य होता, चांगला होता, पण त्याची औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. औषध आहे हे ठाऊक असून ते घेता न आल्यामुळे कित्येकांनी आपली कुत्री ओट्यावर मरताना पाहिली. अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. माणूस स्वतःच्या दारिद्र्याशी एरवी कसेबसे जुळवून घेतो, पण ते दुसऱ्याच्या जिवावर उठले की त्याला स्वतःकडे पाहवत नाही.

त्याच सुमारास गावात एक व्यापारी आला. त्याने देवळाच्या पारावर बसून सरळ शब्दांत सांगितले, "दरवर्षी चंपाषष्ठीला मला ठरलेली रक्कम द्या. वर्षभरात कुत्रं आजारी पडलं, तर वैद्याचा आणि औषधाचा सगळा खर्च माझा." चंपाषष्ठीचाच दिवस त्याने हेरला, कारण त्या दिवशी गावात खंडोबाच्या कुत्र्यांचा मान असतो. भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्यांपुढे जातो आणि त्यांच्या कपाळाला भंडारा लागतो. लोकांनी आनंदाने पैसे भरले. व्यापाऱ्याच्या माणसाने प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात कातडी पट्टा बांधला, त्यात तांब्याचा बिल्ला अडकवला आणि पट्ट्याच्या गाठीवर लाख ओतून ठसा उमटवला. एकाच बिल्ल्यावर चार कुत्र्यांचे औषधपाणी होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. "लाख फुटली की हमी संपली," तो म्हणाला. पुढच्या वर्षी पट्टा तसाच ठेवून फक्त बिल्ल्यावर नवी खूण ठोकायची, असे ठरले.

यात वावगे काहीच नव्हते. पण गाव मानी होते, आणि मानी माणसाला मिरवायला काही मिळाले की तो ते मिरवतोच. बायका चिंच लावून बिल्ले लखलखीत घासू लागल्या. कुणाचा बिल्ला जुना, कुणाच्या बिल्ल्यावर किती खुणा, याच्या पारावर गप्पा होऊ लागल्या. सोयरीक ठरवतानाही पाहुणे आधी कुत्र्याच्या गळ्याकडे नजर टाकत. शिष्याच्या शेजारच्या सगुणाबाईंनी तर आपल्या पिंग्याच्या बिल्ल्याला सणासुदीला झेंडूची माळ घालायला सुरुवात केली. पिंग्याला माळ नव्हती, हे लक्षात घ्या.

आणि लाख फुटेल या धास्तीने पट्ट्याखाली बोट घालायचे लोकांनी सोडले. पुढे मानेवरून हात फिरेनासा झाला. मग ओट्यावर बसायचे तरी कशाला, पैसे भरलेत, वैद्य आहे की, असे करत करत रीतच बंद पडली. विचारणे तेवढे राहिले. संध्याकाळी रस्त्याने जाणारा अजून म्हणे, "हात झाला का?" आणि जागचे न हलता लोक म्हणत, "झाला." शिष्यसुद्धा पोथीतून डोके वर न काढता "झाला" म्हणे.

व्यापाऱ्याचा दर दुसऱ्या वर्षी थोडा वाढला. तिसऱ्या वर्षी बराच वाढला. शिष्याने त्या वर्षी घरातली पितळी समई विकली आणि बायकोला सांगितले की पणतीचा उजेड डोळ्यांना जास्त थंड वाटतो. तिने पणतीत वात घातली. मग हे वर्ष उजाडले. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी व्यापारी धर्मशाळेत उतरला आणि त्याने नवा दर सांगितला. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तो दुप्पट होता, आणि काजळीचे तोंड आता पांढरे झाले होते.

शिष्य धर्मशाळेत गेला.

"शेठ, हे जरा जास्त होत नाही का?"

"होतं," व्यापारी म्हणाला. "मलाही दिसतं. पण पहिल्या वर्षी या गावातून वैद्याकडे चार-दोन कुत्री यायची, आता त्याच्या अंगणात तुमच्या गावाचीच रांग असते. ताप, खरूज, पू झालेल्या जखमा. पैसे काय झाडाला लागतात पंडित? मी धर्मशाळेत उतरतो, चालवत नाही."

"आणि या वर्षी नाही भरले तर?"

"तर हमी संपली. मग पुढे मी तिला हमीत परत घेणार नाही. एवढ्या वयाची कुत्री नव्यानं कुणीच घेणार नाही. तुम्ही चांगले गृहस्थ आहात म्हणून आधीच सांगतो."

शिष्य घरी आला. काजळी चुलीपाशी पडली होती. गेले काही दिवस ती भाकरी हुंगून बाजूला होई आणि मान तिरकी धरून बसे. वय झाले, असे तो स्वतःला सांगत होता. नेमकी आताच हमी संपली आणि उद्या ती आजारी पडली तर? साथीच्या वर्षी ओट्यांवर मेलेली कुत्री त्याने पाहिली होती. जिने गावाची मेंढरे राखली, तिला आपण पैशावाचून मरू दिले, हे ओझे घेऊन आपल्याला जगता येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने पुढच्या चार महिन्यांच्या नकलांची उचल घेतली आणि ती उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली. तरीही रक्कम थोडी कमी पडत होती.

सकाळी तो मठात गेला. "बाबा, तुम्ही त्या व्यापाऱ्याला एक शब्द सांगा. तो तुम्हाला मानतो. थोडी सूट दिली तर माझं भागेल."

गुरूंनी विचारले, "काजळी कशी आहे?"

"तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"ते मी विचारलं नाही, बाळ. ती कशी आहे?"

शिष्य उपरण्याची गाठ चाचपू लागला. गुरू उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "चल. तिला देवळात घेऊन ये. जे काही बोलायचं ते तिथेच बोलू."

देवळापुढे सारे गाव लोटले होते. कुत्र्यांच्या कपाळांवर भंडारा, ऊन पडून बिल्ले झळकत होते, आणि पारावर व्यापाऱ्याचा माणूस खूण ठोकायची हातोडी घेऊन बसला होता. शिष्य काजळीला घेऊन आला तेव्हा लोकांनी नेहमीप्रमाणे वाट करून दिली. त्या अवस्थेतही त्याचे खांदे आपोआप ताठ झाले.

गुरू पायरीवर बसले. त्यांनी काजळीला जवळ ओढले आणि तिच्या नाकावर हात ठेवला. कपाळ, फाटका कान, मग मान. मानेवर हात थांबला. बराच वेळ तो तिथेच राहिला. मग शिष्याकडे न पाहता त्यांनी हात पुढे केला. "लेखणी तासायची सुरी दे."

शिष्याने कमरेची सुरी काढून दिली. तिचे काय करायचे आहे, हे त्याच्या ध्यानात येण्याआधीच गुरूंनी तिचे पाते पट्ट्याखाली सरकवले आणि एका झटक्यात पट्टा कापला. बिल्ला पायरीवर खणकन पडला. लाखेचे तुकडे झाले.

तीन वर्षे शिष्याने पोट मारून जपलेली वस्तू त्याच्याच सुरीने तोडली गेली होती. आजवर तो गुरूंपुढे कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. "बाबा, हे काय केलंत? आता तिला कोण आहे?"

"लाख फुटली," पारावरून व्यापारी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "माझा नियम सगळ्यांना ठाऊक आहे."

"आहे ना," गुरू म्हणाले. "बाळ, आता इकडे ये आणि हात लाव."

शिष्य खाली वाकला. पट्टा जिथे होता तिथले केस गेले होते. तीन पावसाळ्यांत भिजून वाळून कातडे आवळले होते आणि त्याखाली मानेभोवती लालभडक ओली जखम झाली होती. तिच्या कडेने टपोऱ्या गोचिडी मण्यांसारख्या ओळीने चिकटल्या होत्या. त्या जखमेला वास येत होता. म्हणून ती मान तिरकी धरत होती. तीन वर्षे ती त्याच्या पायाशी झोपत होती आणि त्याला ठाऊक नव्हते. काजळीने मान वळवून त्याचा हात चाटला, तेव्हा मात्र त्याला अश्रू आवरले नाहीत.

गुरूंचा हात तिच्या पाठीवर होता. ते हळू बोलत होते, पण देवळात इतकी शांतता होती की शेवटच्या माणसालाही ऐकू जात होते.

"या शेठनं तुला फसवलेलं नाही. संकट आलं तर तू एकटा नसशील, एवढंच तो विकतो, आणि ते विकत घेण्याजोगं आहे. बिबट्या उद्या पुन्हा येईल, तेव्हा नुसत्या हातानं भागणार नाही. पण त्याला पैसे देताना तू त्याबरोबर आपला हातही देऊन टाकलास. तो त्यानं मागितला नव्हता. गावातले इतके हात रोज संध्याकाळी जे काम करत होते, ते सगळं त्या एका वैद्याच्या गळ्यात पडलं. मग दर चढणार नाही तर काय होणार? दर चढला की तुम्ही म्हणता, एवढे पैसे भरतो, आता मी कशाला बघू. बघितलं नाही की आजार, आणि आजार वाढले की पुन्हा दर." त्यांनी काजळीची पाठ थोपटली. "तुला काजळीचा अभिमान आहे. तो सोडू नकोस, तो चांगला आहे. फक्त तो पुन्हा आपल्या हातात घे. तांब्याच्या बिल्ल्यात नेऊन ठेवलास म्हणून तो वर्षावर्षाला महाग होत गेला."

मग सगुणाबाईंनी पिंग्याला पुढे ओढले, त्याच्या पट्ट्याखाली कसेबसे एक बोट सारले आणि ते बाहेर काढून पाहिले. "अगं बाई," एवढेच त्या म्हणाल्या. लखलखीत बिल्ला त्यांच्या मनगटावर वाजत राहिला.

व्यापारी पारावरून उतरला. तो हिशेबी माणूस होता, आणि हिशेबी माणसाला खरे कारण सापडले की त्याचा राग ओसरतो. त्याने काजळीची जखम जवळून पाहिली. "आमची रांग ही अशी तयार होत होती तर," तो म्हणाला. मग बराच वेळ दाढी खाजवत राहिला. "असं करू. बिल्ले कुत्र्यांच्या गळ्यात नकोत, दाराच्या चौकटीला ठोका. हाड मोडलं, सर्प डसला, बिबट्यानं धरलं, मोठी साथ आली, तर मी आहे. काटे आणि गोचिडी तुमच्या. एक वर्ष निम्म्या दरानं करून बघतो. नाही जमलं तर पुढच्या वर्षी सरळ सांगेन."

"चौकटीला ठोकल्यावर कोणतं कुत्रं कुणाचं, ते तुला कसं कळणार?" गर्दीतून कुणीतरी मिश्किलपणे विचारले.

"अंगावरच्या खुणा सांगा. ज्याचा हात रोज फिरतो, त्याला त्या पाठ असतील. ज्याला सांगता येणार नाहीत, त्याचं कुत्रं मी घेणार नाही."

"आणि म्हातारं असलं तर?" शिष्याने विचारले.

व्यापाऱ्याने काजळीच्या फाटक्या कानाकडे पाहिले. "हिची खूण मला पाठ आहे," तो म्हणाला. "ही जखम भरू द्या, मग बघू. आजचं औषध मात्र तुमच्या खर्चानं."

शिष्याने उपरण्याची गाठ सोडली. ती उचल घेऊन तो त्याच दिवशी काजळीला गाडीत घालून पेठेच्या गावी गेला. वैद्याने गोचीडताप सांगितला, लेप दिला, काढा दिला, आणि म्हणाला की अजून चार दिवस गेले असते तर काही सांगता आले नसते. औषधाचे पैसे देऊनही गाठीत बरेच उरले. ते त्याने घरी येऊन मडक्यात घातले आणि मडके आढ्याला टांगले. वैद्याकडे जावे लागेल पण व्यापाऱ्याला बोलवावे लागणार नाही, अशा आजारांसाठी. बायकोने वर पाहिले आणि म्हणाली, "समई नाही आणायची यातून?" तो म्हणाला, "नाही. पणतीचा उजेड थंड असतो." या वेळी मात्र दोघेही हसले.

सगळे गाव एका दिवसात शहाणे झाले असे मी म्हणणार नाही. काहींनी व्यापाऱ्याला पुरता रामराम ठोकला आणि पावसाळ्यात एकाचे कुत्रे घोणस चावून गेले. काहींनी बिल्ला चौकटीला ठोकून त्यालाच चिंच लावणे चालू ठेवले. पण संध्याकाळी ओटे पुन्हा भरू लागले. सुरुवातीला मोठ्यांना लाजल्यासारखे होई, कारण बोटे विसरली होती. कुत्री मात्र काहीच विसरली नव्हती, हात लागताच आडवी होऊन पोट वर करत.

वर्ष फिरले आणि पुन्हा चंपाषष्ठी आली. व्यापारी पारावर बसला होता आणि एकेक जण येऊन आपल्या कुत्र्याच्या खुणा सांगत होता. शेपटीच्या बुडाशी डाग, उजव्या पंजाला वाकडे नख, जबड्याखाली बारीक गाठ, पाच महिन्यांपासून तेवढीच आहे. सगुणाबाई इतक्या खुणा सांगू लागल्या की व्यापाऱ्याला त्यांना थांबवावे लागले. वैद्याच्या अंगणातली रांग आटली होती. दर वाढला नाही, आणि तसे सांगताना व्यापाऱ्याचा चेहराही उजळला होता.

सर्वात शेवटी शिष्य आला. काजळी आता हळू चालत होती, पण तिची मान सरळ होती. जखम भरून त्या जागी नवे केस आले होते, आणि ते पांढरे शुभ्र उगवले होते. भंडाऱ्याने माखलेल्या तांबूस अंगावर मानेभोवती ते पांढरे कडे दुरून उठून दिसे. परगावचा एक यात्रेकरू कौतुकाने म्हणाला, "केवढा सुंदर पट्टा घातलाय हिला. कुठे मिळाला?"

"हात लावून बघा," शिष्य म्हणाला.

माणसाने बिचकत बोटे पुढे केली, आणि पट्ट्याच्या जागी त्याला उबदार, दाट केस लागले. तो चकित होऊन शिष्याकडे पाहू लागला. शिष्याचे खांदे ताठ झाले होते, आणि गावात सर्वांना ठाऊक होते की आज हा मनुष्य बिबट्याच्या जोरावर ताठ झालेला नाही. पायरीवर बसलेले गुरू ते पाहत होते आणि काठीवर हनुवटी टेकून हसत होते.

त्या संध्याकाळी नैवेद्याची पाने उचलली गेली, चुली पेटल्या. शिष्य ओट्यावर बसला होता, काजळीचे डोके त्याच्या मांडीवर होते आणि त्याचा तळहात भंडाऱ्याने पिवळा झाला होता. रस्त्याने कुणीतरी गेले आणि जाता जाता त्याने सवयीने विचारले, "हात झाला का?"

"होतोय," शिष्य म्हणाला.